‘अ‍ॅनास्टोमोटिक लीक’ला संमतिपत्रात काय लिहावं?

पारशिवनी :
गुदाशयाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनचं मराठी संमतिपत्र करायला घेतलंय. रुग्णालय नागपुरातलं, पण रुग्ण गडचिरोली-गोंदियापासून पार छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे. बाकी सगळं कागदावर उतरलं, एका वाक्यापाशी गाडी अडली. गाठीचा भाग काढून आतड्याची दोन टोकं जोडतात ती ‘अ‍ॅनास्टोमोसिस’, ती नीट न धरता तिथून मळ-वायू पोटात सुटला तर ‘लीक’, आणि त्यापायी ‘तात्पुरता डायव्हर्टिंग स्टोमा’, म्हणजे मळ बाहेर वळवायला पोटाच्या कातडीवर आणलेलं आतडं. माझं वाक्य : ‘आंत्रसंमीलनातून गळती झाल्यास तात्पुरते आंत्रद्वार निर्माण करावे लागेल.’ तपासणाऱ्या एका डॉक्टरांनी ‘आंत्रसंमीलन’ खोडून ‘जोड’ केलं. दुसऱ्यांनी ‘जोड’ खोडून पुन्हा ‘आंत्रसंमीलन’ केलं, कारण कागद कायदेशीर आहे. काय ठेवू?

कन्हान :
‘जोड’ ठेवा. वॉर्डात सगळे तेच म्हणतात : जोड दिला, जोड फार खाली आहे, जोड गळतोय. पण त्याआधी तुमचं ‘झाल्यास’ काढा, तिथे अर्थच बदललाय. गुदद्वाराच्या अगदी जवळचा जोड असेल तर स्टोमा बहुधा त्याच ऑपरेशनमध्ये आगाऊ काढतात, म्हणजे जोड भरून येईपर्यंत मळ वरच्या वर बाहेर पडावा. गळती झाल्यावर काढायचा स्टोमा हा निराळा प्रसंग. ते दुसरं ऑपरेशन असतं, तेही घाईचं. सही करणाऱ्याने या दोन गोष्टी दोन वाक्यांत वाचायला हव्यात.

आगाऊ स्टोमाच्या बाजूने 2007 सालची स्वीडनमधली चाचणी अजून पुढे केली जाते. 234 रुग्ण होते. स्टोमा असलेल्यांत लक्षणं दाखवणारी गळती 10.3 टक्के, नसलेल्यांत 28 टक्के. तरी वाद मिटलेला नाही. सरसकट सगळ्यांना स्टोमा दिला, तर ज्यांचा जोड एरवीही धरला असता त्यांच्याही वाट्याला अंगातलं पाणी कमी होणं, मूत्रपिंडावर ताण आणि स्टोमा बंद करायचं आणखी एक ऑपरेशन येतं.

धरमपेठ :
‘जोड’ फार मोघम आहे. चपलांचा जोड, कुस्तीतला जोड, लाकडातला जोड. ‘स्वादुपिंड’ हा शब्द तरी घराघरात कोण बोलत होतं? शाळेच्या पुस्तकातून आला आणि रुळला. परिभाषा वापरल्याशिवाय रुळत नाही. दर वेळी ‘लोकांना कळणार नाही’ म्हणून माघार घेतली तर मराठीत वैद्यक कधी लिहिलंच जाणार नाही.

महाल :
परिभाषा हवी हे मान्य, पण ‘संमीलन’ का? मिलन म्हणजे भेटणं, इथे टोकं नुसती भेटत नाहीत, सांधली जातात. सुश्रुताने कान-नाक जोडण्याला ‘संधान’ म्हटलंय, तेव्हा ‘आंत्रसंधान’ करा. त्याच्या संहितेच्या चिकित्सास्थानात, म्हणजे उपचारांच्या भागात, उदररोगाच्या अध्यायात आतड्याच्या जोडाचं वर्णनही आहे : पोट उघडायचं, आतडं बाहेर घेऊन तपासायचं, छिद्राच्या कडा जुळवून काळ्या मुंग्यांकडून चावे घेववायचे, मग मुंग्यांची धडं तोडून डोकी तशीच ठेवायची आणि आतडं आत घालून पोट शिवायचं. रोगाचं नाव ‘परिस्रावी उदर’. म्हणजे लीकला ‘परिस्राव’ही तयारच आहे.

कन्हान :
परिस्रावी उदरात अन्नाबरोबर गेलेल्या काट्या-हाडाने आतडं भोकाळतं. तिथे आधी दिलेला जोड सुटत नाही. शब्द तिथून उचलला की कारणही चुकीचं चिकटतं. आणि ‘संधान’ आजच्या मराठीत बाण मारायला किंवा कोणाशी गुपचूप संधान बांधायला वापरतात.

‘टाके तुटले’ असंही लिहू नका. टाके म्हटलं की रुग्ण पोटावरच्या जखमेकडे बघतो. शिवाय गुदाशयाचा जोड हल्ली बहुतेक ठिकाणी गोल स्टेपलरने देतात, साधारण 28 ते 33 मिमी व्यासाच्या. त्यात टायटॅनियमच्या बारीक पिना असतात, दोरा नसतो. स्टेपलर मारल्यावर त्यात कापली गेलेली आतड्याची दोन्ही कडी अख्खी आहेत का ते हातात घेऊन बघतात. एखादं कडं तुटकं निघालं तर जोड तिथे अपुरा आहे. नंतर ओटीपोटात पाणी भरून खालून हवा सोडतात. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात तसं : बुडबुडे आले तर जोड पक्का नाही.

हे सगळं ठीक निघूनही चौथ्या-सातव्या दिवशी जोड गळू शकतो. टोकाचा रक्तपुरवठा कमी पडणं, जोडावर ताण येणं, आधी घेतलेलं रेडिएशन, धूम्रपान, स्टेरॉइड, कुपोषण, पुरुषांचं अरुंद ओटीपोट ही नेहमीची कारणं. म्हणून ‘जोड न धरणे’ हा शब्दप्रयोग मला जास्त खरा वाटतो. त्यात निष्काळजीपणाचा सूर नाही.

धरमपेठ :
‘न धरणे’त गळती कुठे आली? जोड धरला नाही म्हणजे नुसता सुटला असंही कोणी वाचेल.

भिवापूर :
मग गळतीच्या प्रतीप्रमाणे (ग्रेडप्रमाणे) शब्द वाटून घ्या. 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने गुदाशयाच्या गळतीच्या ए, बी, सी अशा तीन प्रती ठरवल्यात. ए म्हणजे ‘पाझर’, बी म्हणजे ‘गळती’, सी म्हणजे ‘जोड फुटणे’. तिन्ही शब्द अस्सल मराठी आणि खेड्यातही चालणारे.

कन्हान :
कल्पना चांगली, पण त्या प्रती किती गळालं यावर नाहीत, काय करावं लागलं यावर आहेत. ए : उपचार बदलावे लागत नाहीत. बी : प्रतिजैविकं द्यावी लागतात किंवा बाहेरून नळी घालून पू काढावा लागतो, पण पोट पुन्हा उघडावं लागत नाही. सी : पोट पुन्हा उघडावं लागतं. बारीक छिद्रातूनही सगळ्या पोटात मळ पसरला तर ती सीच, आणि स्टोमा आधीच असेल तर बऱ्यापैकी मोठी फट ए किंवा बीवर निभावते. ‘पाझर’ वाचून घरचे निर्धास्त होतील आणि ताप अंगावर काढतील.

संमतिपत्रात लक्षणं लिहा : नाडी जोरात चालणं, ताप, पोट फुगणं, खांदा दुखणं, लघवी कमी होणं. रक्तातल्या सीआरपीबद्दल (शरीरात दाह झाला की वाढणारं प्रथिन) एक ओळ टाकायची तर जपून टाका. तिसऱ्या दिवशी 172, चौथ्या दिवशी 124, पाचव्या दिवशी 144 मिलिग्रॅम प्रति लिटर या सीमा एकत्रित अभ्यासांतून आल्यात. आकडा त्याखाली असेल तर गळती असण्याची शक्यता कमी, एवढाच त्याचा उपयोग. वर गेला म्हणजे गळती आहेच, असं नाही.

अंबाझरी :
तुम्ही सगळे जोडावर अडलात. सही करताना घरचे अडतात ते स्टोमावर. ‘आंत्रद्वार’ कोणी बोलत नाही आणि ‘कृत्रिम गुदद्वार’ ऐकून माणूस खचतो. सर्जन सांगताना म्हणतात, ‘आतड्याचं तोंड पोटावर काढलंय’. हे सगळ्यांना लगेच कळतं. ग्रीकमध्येही स्टोमा म्हणजे तोंडच, आणि तुमच्या अ‍ॅनास्टोमोसिसच्या पोटातही तोच शब्द आहे. मराठीत फोडाला तोंड असतं, पोत्याला असतं, मग आतड्याला का नको?

खरी अडचण पिशवीची आहे. पुण्याकडून आलेल्या माहितीपत्रकांत ‘पिशवी’ असते. पण बायकांच्या बोलण्यात ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय, ‘पिशवी काढली’ म्हणजे तेच ऑपरेशन. इकडे विदर्भात ‘थैली’ म्हणतात आणि छिंदवाड्याच्या लोकांनाही ती चालते. पण ‘पित्ताची थैली’ आधीच बोलण्यात बसलीय, म्हणून ‘थैली बसवणार’ ऐकून काहींना पित्ताशयाचं काही करणार असं वाटतं. एकटा शब्द वापरूच नका. ‘पोटावर बाहेरून चिकटवायची शौचाची थैली’ एवढं लांब लिहा. ‘बाहेरून चिकटवायची’ हे दोन शब्द गाळू नका, नाहीतर थैली पोटाच्या आत शिवतात असं समजलं जातं.

पारशिवनी :
‘बाहेरून चिकटवायची’ घेतलं. ‘तात्पुरता’चं काय? तात्पुरता म्हणजे किती दिवस हे पहिला नातेवाईकच विचारेल.

कन्हान :
आठ ते बारा आठवडे हे नेहमीचं उत्तर. डेन्मार्क-स्वीडनच्या 2017 सालच्या चाचणीत निवडक रुग्णांचा स्टोमा 8 ते 13 दिवसांत बंद केला आणि गुंतागुंती कमी आढळल्या. पण ते जोड भरलाय हे तपासून निवडलेले, तब्येतीने ठीक असलेले रुग्ण. केमो चालू झाली तर तारीख पुढे जाते. जोड गळला किंवा आजार पसरला तर काहींचा स्टोमा कधीच बंद होत नाही. म्हणून ‘तात्पुरता’ऐवजी ‘नंतर बंद करण्याच्या उद्देशाने काढलेला’.

धरमपेठ :
‘उद्देशाने’ हे वकिलाचं मराठी झालं. ‘पुढे बंद करता येईल असा’ लिहा.

कन्हान :
‘करता येईल’ हे आश्वासन होतं. ‘उद्देश’ राहू द्या.

अंबाझरी :
त्या काळात काय जपायचं तेही मराठीतच लिहायला हवं, कारण नागपूरच्या मे महिन्यात लहान आतड्याचा स्टोमा घेऊन घरी जाणं सोपं नाही. चोवीस तासांत दीड लिटरच्या वर पातळ यायला लागलं की अंगातलं मीठ जातं. लोक तहान लागली म्हणून साधं पाणी पीत राहतात, त्याने आतड्यातून मीठ आणखी खेचलं जातं आणि थैली आणखी भरते. मिठाचं द्रावण घ्यायचं. ओआरएसची एक लिटरसाठीची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी पुडी ग्लासात नाही. डॉक्टरांनी घरी करायला सांगितलं तर लिटरभर पाण्यात ग्लुकोज 20 ग्रॅम, मीठ 3.5 ग्रॅम, खायचा सोडा 2.5 ग्रॅम. ‘मीठ-साखर पाणी’ असं मोघम लिहिलंत तर लोक चिमटीने टाकतात.

संत्र्याचं नावानिशी लिहा. रस चालतो, पण फोडीची साल आणि पांढरे धागे नीट न चावता गेले तर स्टोमाच्या तोंडाशी अडकतात. मक्याचे दाणे, ओलं खोबरं तसंच. येणं अचानक थांबलं आणि पोटात कळा आल्या तर वाट बघायची नाही.

चिकटपट्टीचं भोक स्टोमापेक्षा 2-3 मिमीच मोठं कापायचं. जास्त मोठं कापलं की मळ कातडीला लागून ती सोलवटते. पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून भोकाचं माप पुन्हा पुन्हा घ्यायचं. थैली एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. रंग ओल्या ओठांसारखा लालसर-गुलाबी हवा. काळा-निळा पडला तर त्याच दिवशी दाखवायचं. हे सगळं लिहिताना ‘तोंड’ शब्द किती सोपा पडतो बघा.

महाल :
‘तोंड’ बोलण्यात ठीक. लेखी कागदात ‘आतड्याचे मुख’ करा, तेवढा आब राहील.

भिवापूर :
त्याच कागदात ‘दुर्बिणीद्वारे’ असेल तर तेही बघा. ‘दुर्बीण टाकली’ म्हणजे एंडोस्कोपी, ‘दुर्बिणीने ऑपरेशन’ म्हणजे लॅप्रोस्कोपी. एकच शब्द दोन्हीकडे. घशातून किंवा गुदद्वारातून नळी घालून बघणं आणि पोटाला 5 ते 12 मिमीची छिद्रं पाडून, आत कार्बन डायऑक्साइड भरून कापणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शब्द फारसी, ‘दूर पाहणारी’, आणि आपण तो आतलं जवळून बघायला वापरतो.

धरमपेठ :
‘उदरदर्शी’ आणि ‘अंतर्दर्शी’ करा. प्रश्न सुटला.

अंबाझरी :
सुटला नाही. ‘छिद्रं पाडून दुर्बिणीने’ आणि ‘तोंडावाटे दुर्बीण’ लिहा. सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द काढून टाकला तर माणूस विचारतो, मग दुर्बिणीचं करणार नाही का?

कन्हान :
पारशिवनी, ‘हिरवा रंग टाकून तपासणी’ अशी ओळ असेल तर ती सुधारा. इंडोसायनिन ग्रीन शिरेतून देतात. टोकाला रक्त पोचतंय का ते अवरक्त कॅमेऱ्यात चमकून दिसतं, नुसत्या डोळ्यांना नाही. अंग हिरवं पडेल का, हा प्रश्न नक्की येईल. त्यात आयोडाइड असतं, म्हणून आयोडीनच्या अ‍ॅलर्जीबद्दल विचारलेलं कागदावर हवं. आणि ‘यामुळे गळती टळते’ असं लिहू नका. अमेरिकेतल्या चाचणीत गळती रंग वापरून 9.0 आणि न वापरता 9.6 टक्के, म्हणजे फरक नाही, आणि ती चाचणी आधीच थांबवली गेली. जपानच्या चाचणीत 7.6 विरुद्ध 11.8, तिथे फायदा दिसला. ‘मदत होऊ शकते’ इतकंच म्हणता येतं.

भिवापूर :
आणि ‘जुलाब देऊन पोट साफ’? आमच्याकडे ‘जुलाब लागले’ म्हणजे हगवण. मूळ गुलाब-पाणी, फारसीतून अरबीत आणि तिथून परत फिरून आपल्याकडे, पण आता औषधालाही जुलाब आणि आजारालाही जुलाब. कागदावर ‘जुलाब झाल्यास कळवा’ आणि ‘जुलाब होणे अपेक्षित आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर पाहिली आहेत.

धरमपेठ :
‘रेचक’. यावर तरी वाद नको.

कन्हान :
रेचक चालेल, पण तेवढ्याने भागत नाही. फिनलंडच्या 2019 सालच्या चाचणीत मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनआधी रेचक आणि तोंडी प्रतिजैविक देऊनही न देण्यापेक्षा संसर्ग कमी झाला नाही. त्याच देशातल्या 2024 च्या चाचणीत गुदाशयासाठी रेचकाबरोबर प्रतिजैविक दिल्यावर, नुसत्या रेचकापेक्षा संसर्ग आणि गळती दोन्ही कमी झाली. म्हणून तुमच्या कागदात रेचक आणि गोळ्या एकाच सूचनेत हव्यात. नाहीतर लोक पावडर पितात आणि गोळ्या राहून जातात.

अंबाझरी :
‘रेचक’ लिहा हवं तर, पण पुढे ‘पोट साफ करायची पावडर, 2 लिटर पाण्यात’ असं जोडा. ‘पोट साफ झालं’ कशावरून, तेही लिहा : शेवटी येणारं पाणी फिकट पिवळं आणि आरपार दिसणारं हवं. गढूळ असेल तर रात्रीच नर्सला सांगायचं, सकाळी टेबलावर नाही.