'कनाइव्ह' म्हणजे कट रचणे की कानाडोळा करणे?

टॉवेलवाला कारकून:
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात मी पत्रव्यवहार पाहतो. रात्रपाळीत सुताचे कोन बाहेर जात असल्याचे उघडकीस आल्यावर मालकांच्या वकिलांनी इंग्रजीत नोटीस तयार केली आणि तिचे मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात मुकादमाने या चोरीत 'कनाइव्ह' केल्याचे म्हटले होते, म्हणून मी 'चोरांशी मिळून कट रचला' असे लिहिले. वकीलसाहेबांनी ते तांबड्या शाईने खोडून वर 'डोळेझाक केली' असे लिहून पाठवले. शब्दकोशात दोन्ही अर्थ सापडतात. नोकरी मुकादमाची जाणार असल्याने मला नेमकेपणा हवा आहे. मूळ अर्थ कोणता?

निवृत्त मास्तर:
वकीलसाहेबांचे बरोबर आहे. लॅटिनमधील 'कोनिव्हेरे' या क्रियापदाचा अर्थच डोळे मिटणे असा असून सतराव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत रुळले, तेव्हा त्याचा अर्थ समोर चाललेले गैरकृत्य दिसूनही न दिसल्यासारखे करणे एवढाच होता. राखणदाराने मिटलेला डोळा म्हणजे चोराला उघडलेले दारच, हे लोकांना कळत होतेच. त्यामुळे गप्प बसणारा हळूहळू सामील धरला गेला आणि पुढे तोच कट रचणारा ठरला. आज इंग्रजीत एखाद्याला 'कनाइव्हिंग' म्हटले, तर तो कावेबाज आणि कारस्थानी आहे असेच ऐकणारा समजतो. आपण नोटिशीत त्या क्रियापदापुढचा शब्द पाहावा. 'अॅट' असेल तर डोळेझाक, 'विथ' असेल तर संगनमत.

आपला 'कानाडोळा' मात्र पहिल्याच पायरीवर थांबला, याचे मला नेहमी नवल वाटते. कानाडोळा करणाऱ्याला आपण बेफिकीर म्हणू, फार तर लबाड म्हणू, पण कारस्थानी म्हणत नाही.

टॉवेलवाला कारकून:
पाहिले, 'अॅट'च आहे. मग दोन्ही अर्थांना 'संगनमत' हा एकच शब्द चालवला तर? वर्तमानपत्रांत तो सर्रास दिसतो.

काळा कोट:
कृपया तसे करू नका. संगनमत हे 'कोल्यूजन'चे मराठी आहे आणि त्या शब्दाच्या मुळाशी एकत्र खेळणे, म्हणजे दोघांनी आधीच डाव ठरवलेला असणे, ही कल्पना आहे. कायदा हे दोन शब्द वेगळे ठेवतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २३ पाहा. जोडीदाराच्या व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मागणाऱ्याने स्वतः त्या कृत्याकडे डोळेझाक केलेली नसावी, ही अट एका खंडात आहे, तर अर्ज दोघांनी संगनमताने केलेला नसावा, ही वेगळ्या खंडात आहे. त्या व्यभिचाराच्या अटीत मदत करणे, डोळेझाक करणे आणि मागाहून क्षमा करणे हे तीन प्रकारही वेगवेगळे मांडले आहेत. तुमच्या नोटिशीत 'कट' म्हटले असते, तर मुकादमाचे चोरांशी आधी ठरले होते हे मालकांना सिद्ध करावे लागले असते. 'डोळेझाक' म्हटल्यावर त्याला चोरी ठाऊक होती आणि अडवणे त्याच्या हाती होते, एवढे दाखवण्यावर भर राहतो.

वांगीप्रेमी:
थोडे विषयांतर वाटेल, पण नाही. वनस्पतिशास्त्रात 'कनाइव्हंट' हे विशेषण अजून जिवंत आहे आणि त्यात पापाचा लवलेश नाही. वांग्याचे जांभळे फूल हातात घेऊन पाहा. मधले पिवळे परागकोश टोकांशी एकमेकांकडे झुकून शंकूसारखे उभे असतात, पण जुळून एक झालेले नसतात. मिटत आलेल्या पापण्या जशा जवळ येतात तसे ते दिसतात, म्हणून हा शब्द. आमच्या वर्गात मुले हे फूल पाहिल्यावर तो शब्द विसरत नसत.

टॉवेलवाला कारकून:
सर्वांचे आभार. 'डोळेझाक केली' असेच ठेवून नोटीस काल बजावली. मुकादमाने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "डोळे मिटले होते हे खरं हाय साहेब, पण मला झोप लागली हुती." आता याचे इंग्रजी करून वकीलसाहेबांना कळवायचे आहे.