मदत हवी आहे: फोनवर पाळत आहे का हे कसं ओळखायचं?
मंडळी, हसू नका. काल रात्री फोन नुसता टेबलावर पडलेला आणि कॅमेरा चालू असल्याचा तो हिरवा ठिपका दोन सेकंद लागून गेला, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. पेगासससारख्या स्पायवेअरला, म्हणजे फोनमध्ये लपून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरला म्हणे लिंकवर क्लिकसुद्धा लागत नाही, २०२१ मध्ये केवढा गदारोळ झाला त्यावरून, पण मी ना पत्रकार ना पुढारी, माझ्यावर एवढा खर्च कोण करेल! तरी मेसेज एन्क्रिप्टेड (तिसऱ्याला वाचता न येणारे) असले तरी कोणाशी कधी बोललो हा मेटाडेटा उरतोच ना, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या स्नोडेनने २०१३ मध्ये तेच तर बाहेर काढलं, की ती यंत्रणा लोकांचे फोन रेकॉर्ड गोळा करते. आता थेट रीसेट मारू की आधी ॲपच्या परमिशन बघू? आणि जुना बॅकअप परत टाकला तर चालेल का? कोणी खरंच केलं असेल तर सांगा, 'फोन फेकून दे' नको.