ब्रोमो ज्वालामुखीवर गाईड न घेता बाबांना चालत घेऊन जाता येईल का?

गोदाकाठची_लेक (परभणी)

नमस्कार मंडळी. जुलैच्या शेवटी मी अन् बाबा भावाकडं सुराबायाला जायलोत, इंडोनेशियात. बाबांचं वय ६६. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला, दरवर्षी फळ्यावर लाल खडूनं ज्वालामुखीचा छेद काढायचे, नळी, मुख, शंकू, बाण दाखवून नावं लिहायची, पण खरा ज्वालामुखी कधी बघितला नाही. सुराबायापासून ब्रोमो जवळ आहे म्हणून त्यांना तिथं न्यायचंच असं ठरवलंय.

एका पॅकेजवाल्याला फोन केला तर तो म्हणायलाय गाईड अन् जीपशिवाय आत सोडतच नाहीत. भाऊ म्हणतो तसं काही नाही, लोक चालत जातात. खरं काय? बाबांचं चालणं चांगलंय, मागच्या दिवाळीत लोणारचं विवर आम्ही खालपर्यंत उतरून चढून आलो, हेही तसंच असेल ना? एकच काळजी, त्यांना दम्याचा जुना त्रास आहे, पंप सोबत असतो. कुणी गेलं असेल तर मोकळेपणानं सांगा.

नांदेडचा_भटक्या

ताई, मी अन् माझा मित्र दोघंच गेलो होतो, गाईड नाही, जीप नाही. पॅकेजवाल्याचं ऐकू नका. सुराबायाहून रेल्वेनं प्रोबोलिंगो, साधारण दोन तास, तिथून छोट्या गाड्या वर चेमोरो लावांग गावाला जातात. पण ती गाडी माणसं भरल्याशिवाय हलत नाही, आपल्याकडं काळीपिवळी थांबते तशीच, आम्ही तीन तास बसून होतो. तुमच्यासोबत बाबा आहेत तर सरळ गाडी करा किंवा भावाला सोडायला सांगा.

चेमोरो लावांग हे गाव एका प्रचंड मोठ्या जुन्या खड्ड्याच्या काठावर आहे, तेंगर काल्डेरा, जवळजवळ दहा किलोमीटर रुंद, अन् ब्रोमो त्या खड्ड्याच्या पोटात उभा आहे. म्हणजे आधी गावातून खाली उतरायचं, मग सपाट काळ्या वाळूतून चालायचं, त्याला तिकडं वाळूचा समुद्रच म्हणतात, मग पुरा लुहुर पोतेन नावाचं मंदिर लागतं, तिथून चढ अन् शेवटी अडीचशेच्या आसपास सिमेंटच्या पायऱ्या. गावापासून विवराच्या काठापर्यंत आम्हाला तासाभराच्या वर लागलं, बाबांसाठी दीड-दोन तास धरा. वाळूत पाय रुततो अन् मागं सरकतो, ओल्या रानात चालल्यासारखं पिंढऱ्या भरून येतात. मंदिरापाशी घोडेवाले असतात, पायऱ्यांपर्यंत घोडा नेतात, लाज न बाळगता बसवा त्यांना.

पहाटे अंधारात वाळूत शिरू नका, ही माझी हात जोडून विनंती. आम्ही चार वाजता निघालो अन् धुकं असं उतरलं की स्वतःची चप्पल दिसेना, जीपच्या चाकोऱ्या सगळीकडं फुटलेल्या, मंदिर डाव्या हाताला राहून गेलं अन् आम्ही भलतीकडंच. अर्धा तास एका जागी बसून राहिलो. उजाडू द्या, सातनंतर निघा, जीपवाल्यांची गर्दीही तोवर ओसरती.

अन् एक गोष्ट बाबांना आधी सांगू नका. पायऱ्या संपल्या की काठावरच गणपतीची मूर्ती आहे. दगडाची, छोटी, राखेनं माखलेली, पायाशी ताजी फुलं. मागं विवरातून असा आवाज येत असतो जसं लांबून विमान जायलंय पण जाऊन संपतच नाही. मी आपोआप हात जोडले, शेजारी तिथल्या तेंगर समाजाची एक म्हातारी होती तिनंही जोडले. ते लोक हिंदूच आहेत, कसादा नावाच्या सणाला विवरात भाजीपाला, फळं, कोंबड्या सोडतात, आपण नवस फेडतो तसंच.

डोंगरदगड (अंबाजोगाई)

लोणारसारखं असेल का विचारलंत म्हणून लिहितो, कारण इथंच लोकांची गल्लत होते. लोणार ज्वालामुखी नाही. फार वर्षं तसा समज होता, पण उल्का आदळून ते विवर झालं हे १९७३ च्या संशोधनानं पक्कं केलं. व्यास साधारण १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटर, अन् तळ शांत. ब्रोमोचं मुख जिवंत आहे. लोणारमध्ये तुम्ही तळाला जाऊन देवीचं दर्शन घेता, ब्रोमोत काठाच्या आत एक पाऊलही टाकायचं नाही. कठडा पायऱ्यांच्या तोंडाशी थोडाच आहे, पुढं अरुंद पाऊलवाट अन् दोन्हीकडं घसरती राख. बाबांना कठड्याच्या पुढं नेऊ नका.

पण सरांना हे जरूर सांगा की लाव्हा बघायला परदेशातच जावं लागतं असं नाही, आपण त्याच्यावरच राहतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा थरावर थर पसरला, शंकू झालाच नाही, म्हणून तर आपले डोंगर सपाट माथ्याचे अन् पायऱ्या-पायऱ्यांचे आहेत. विहीर खोदताना काळ्या पाषाणाखाली मांजऱ्या लागतो ना, भोकाभोकाचा, भोकांत पांढरे खडे? ती भोकं म्हणजे लाव्हात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. एक खडा खिशात घालून न्या अन् ब्रोमोवर सरांच्या हातात द्या. त्या बुडबुड्यात जे होतं तेच तिथं समोर धूर होऊन वर येताना दिसंल.

औषधवाला_लातूर

वर डोंगरदगडनी वायूचं काढलं तेच मला सांगायचंय, अन् तुमच्या बाबांसाठी सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. त्या धुरात वाफ असते पण सल्फर डायऑक्साइडही असतो. निरोगी माणसाला खोकला येतो, डोळे चुरचुरतात, पण दमेकऱ्याची श्वासनळी थोड्याशा प्रमाणातही आवळून येते. एन-९५ मास्क राख अडवतो, वायू नाही अडवत. ओला रुमाल बांधला म्हणजे झालं असं कुणी म्हणालं तर त्याच्यावर विसंबू नका.

जायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटून स्पष्ट सांगा कुठं चाललो ते. पंप बॅगेत नाही, शर्टाच्या खिशात. काडी ओढल्यावर येतो तसा झणझणीत वास आला, घसा खवखवला, की फोटोसाठी सुद्धा थांबायचं नाही, वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं अन् धूर तुमच्याकडंच वळला तर उतरायचं. जुलैत आपल्याकडं पाऊस असतो पण तिकडं कोरडा हंगाम, वाळवंटात धूळ उडते, तिचाही दम्याला त्रास होतो.

जकार्तावासी_बीडकर

इथं नऊ वर्षं झाली, एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहायलो. इथं ज्वालामुखीची धोक्याची पातळी एक ते चार अशी ठरवतात, एक म्हणजे सगळ्यात कमी, मॅग्मा इंडोनेशिया नावाच्या सरकारी साइटवर रोज दिसते. ब्रोमो दुसऱ्या पातळीवर असला तर विवरापासून एक किलोमीटर लांब राहा अशी सूचना असते, अन् त्या पायऱ्या त्या एक किलोमीटरच्या आतच येतात. तरी लोक चढताना दिसतात. तुम्ही लोकांकडं बघून ठरवू नका ताई. २००४ च्या जूनमध्ये अचानक स्फोट झाला, त्यात दोघांचा जीव गेला. सूचना असेल त्या दिवशी वाळू अन् मंदिर सोडून द्या, गावातूनच सेरुनी पॉइंटला किंवा किंग काँग हिलला चालत जा, तिथून ब्रोमो, शेजारचा चुण्या पडल्यासारखा बातोक अन् मागं धूर सोडणारा सेमेरू, तिन्ही एका नजरेत येतात. सरांना फळ्यावरची आकृती खरं तर तिथूनच दिसंल.

राष्ट्रीय उद्यान आहे, तिकीट आधी ऑनलाइन काढा, अन् वाळूतला भाग कसादाला किंवा इतर कारणानं बंद आहे का तेही बघा. अन् झुडपं सुकलेली असतात, काडी-सिगारेट काही पेटवू नका, २०२३ मध्ये एका प्रीवेडिंगच्या फोटोवाल्यांनी फ्लेअर, म्हणजे धूर-जाळाची नळकांडी, पेटवला अन् शेकडो हेक्टर गवत जळून गेलं.

गोदाकाठची_लेक (परभणी)

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खरंच आभार. सगळं बाबांना वाचून दाखवलं (गणपतीचं सोडून). चेमोरो लावांगला दोन रात्री राहायचं ठरवलंय. पहिल्या दिवशी सेरुनी. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बघून, एकवर असेल तरच वाळूत उतरायचं, पायऱ्यांपर्यंत घोडा, अन् वास आला की मागं. मी त्यांना विचारलं, वर जाता नाही आलं तर वाईट वाटंल का? तर म्हणाले, मुख नाही दिसलं तरी चालंल, शंकूचा उतार किती अंशाचा असतो ते मला बघायचंय, मी नेहमी जास्तच उभा काढायचो.

आता रोज सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं चालायलेत. मांजऱ्या शेतातल्या विहिरीपाशी सापडला, धुऊन ठेवलाय. फक्त एक राहिलं, थंडी किती असती? इथं आत्ता दुकानात स्वेटर मिळेनात.

नांदेडचा_भटक्या

लई थंडी. जुलै-ऑगस्टला पहाटे वाळूवर दहिवर गोठून पांढरं दिसतं कधीकधी. पण काळजी नको, गावात जाकीट भाड्यानं मिळतं, टोपी-हातमोजे विकणारे दारातच येतात. बाबांची कानटोपी तेवढी परभणीहूनच न्या.