मदत हवी आहे : जुन्या फियाटचे ओरिजिनल पार्ट गॅरेजवाल्यानेच काढून घेतले

मंडळी, बाबांची १९६८ ची फियाट ११०० डी, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. इंजिनचं काम आणि रंग यासाठी पुण्यातल्या एका गॅरेजला दिली. बाबांपासूनचा मेकॅनिक, घरी चहाला येणारा, म्हणून पावतीसुद्धा मागितली नाही. (चूक माझीच, बायको रोज ऐकवते.)

आठ महिन्यांनी गाडी आली. रंग झकास. बॉनेट उघडलं आणि पोटात गोळाच आला. बाबांनी सोलेक्स कंपनीच्या कार्ब्युरेटरवर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खिळ्याने 'श्री' कोरला होता. आता तिथे कोरी करकरीत नक्कल! चाकांवरच्या हबकॅप पातळ पत्र्याच्या, बॅटरी चार्ज करणारा डायनामोही दुसराच. सर्वांत भीतीचं म्हणजे ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळत नाही. विचारलं तर म्हणतो, "साहेब, जुनं भंगारात गेलं."

माझ्याकडे जुने फोटो आणि यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद आहे. वकील मित्र म्हणतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली, म्हणजे विश्वासघाताची, तक्रार होऊ शकते. पोलिसांत जाऊ, की आधी नोटीस? इंजिन नंबरचं आरटीओत काय करावं? कुणी यातून गेलंय का? मला पैसे नकोत, तो कार्ब्युरेटर हवाय.