कोण लागत होते ते आपले? (अकाली गेलेले आवडते लेखक : अनुभव धागा)

जुलै २००३. सुहास शिरवळकर गेल्याची बातमी पेपरात वाचली आणि पेपर हातात घेऊन गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आई मागून आली. तिने बातमी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, पण ते आपले कोण लागत होते?"

खरंच की. भेट नाही, पत्र नाही, साधी सहीसुद्धा नाही. सुशिंचं अमुक पुस्तक सध्या कोणाकडे आहे याचा माग काढण्यात कॉलेजची तीन वर्षं गेली, एवढंच नातं. ५४ वर्षांचे होते. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये त्यांच्या 'दुनियादारी' कादंबरीवरचा सिनेमा आला आणि ज्याच्या त्याच्या तोंडी त्यांचं नाव झालं. मला आनंद व्हायला हवा होता, झाला राग. एका मुलाने विचारलं, "ते आता नवीन काय लिहितायत?" त्याला काही न सांगताच मी निघून आलो.

तर तुमचं असं कोणी गेलं असेल तर लिहा. मृत्युलेख नकोत, ते पेपरात येतात. कळलं तेव्हा तुम्ही काय केलंत आणि नंतर त्यांच्या पुस्तकांचं काय केलंत, ते सांगा.

*

माझं दुःख जरा हास्यास्पद आहे, कारण ते मला शिळं मिळालं. स्टीग लार्सनच्या तिन्ही कादंबऱ्या मी आठवड्यात संपवल्या, कामावर दोन दांड्या मारून. चौथी कधी येतेय ते शोधायला गेलो तर कळलं की माणूस नोव्हेंबर २००४ मध्येच गेलाय, पन्नाशीत. लिफ्ट बंद होती म्हणून सात मजले जिने चढून गेला आणि हृदयविकाराचा झटका आला. त्याची पहिली कादंबरी बाजारात आली २००५ मध्ये! म्हणजे मी नाव ऐकलं त्याच्या आधीच सगळं आटोपलेलं. आपल्याला जगभर वाचतायत हे त्या बिचाऱ्याला कधी कळलंच नाही.

पुढचे भाग दुसऱ्या लेखकाने लिहिले. त्यातला पहिला उघडला, तीसेक पानांवर मिटला. वाईट नव्हता, म्हणूनच जास्त त्रास झाला. त्या लिफ्टचा मात्र अजून राग येतो.

*

शाळेत बाईंनी सांगितलं होतं की बालकवी २७ व्या वर्षी रेल्वेखाली सापडून गेले. आम्ही ते सनावळीसारखं पाठ केलं. तेव्हा २७ म्हणजे काकांचं वय. बरंच जगले की, असं वाटायचं.

वयाचा हिशेब खऱ्या अर्थाने मांडला तो मी स्वतः सेहेचाळीस वर्षांचा झालो तेव्हा. चिं. त्र्यं. खानोलकर (कवितेतले आरती प्रभू) गेले एप्रिल १९७६ मध्ये, वय ४६. मर्ढेकर मार्च १९५६, वय ४६. हिंदी कवी मुक्तिबोध सप्टेंबर १९६४, तेही ४६. मुक्तिबोधांना तर आपला पहिला स्वतंत्र कवितासंग्रह हातात घेऊन बघायलाही मिळाला नाही. मर्ढेकरांना साहित्य अकादमी मिळालं ते गेल्यावर. खानोलकरांनाही 'नक्षत्रांचे देणे'साठी मिळालं ते ते जाऊन दोन वर्षं झाल्यावर. (मरणोत्तर पुरस्कार घ्यायला घरचं माणूस मंचावर जातं, तो फोटो मला बघवत नाही.)

त्या वर्षी मी दुसरं काही वाचलंच नाही. खानोलकरांच्या कादंबऱ्या, नाटकं आणि आरती प्रभूंच्या कविता, आळीपाळीने. रोज रात्री एकच प्रश्न पडायचा, हे सगळं याने लिहिलं कधी? मी तेवढ्याच आयुष्यात कर्जाचे हप्ते फेडत आणले होते. सत्तेचाळीस पूर्ण झाली त्या रात्री घरच्यांनी हौसेने सगळं केलं, पण मला आपलं उगाच, दुसऱ्या कोणाच्या वाट्याचं वर्ष चुकून आपल्याकडे आल्यासारखं वाटत राहिलं.

*

'कोण लागत होते' हा प्रश्न मला मार्च २००३ मध्ये ऐकावा लागला. गौरी देशपांडे गेल्या तेव्हा. ६१ वर्षांच्या. विचारणारा नवरा होता आणि त्याने काही वाईट हेतूने विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कोणी नाही." नात्यातल्या एकाही बाईने मला जे सांगायचं धाडस केलं नव्हतं, ते त्यांच्या नायिकांनी सांगितलं होतं. हे सगळं दोन वाक्यांत कुठून सांगणार? आज कोणी विचारलं तर "मावशी" म्हणेन आणि विषय संपवेन.

*

राम गणेश गडकरी. वय ३३.

'एकच प्याला' रंगमंचावर आलं तेव्हा ते जाऊन जेमतेम महिना झाला होता. आणि 'राजसंन्यास' अपुरंच राहिलं. आमच्या ग्रुपने ते वाचायला घेतलं होतं. अपुरं आहे हे प्रत्येकाला माहीत होतं, तरी शेवटचं पान संपल्यावर सगळ्यांनी मागचं कोरं पान उलटून बघितलं.

*

अपुऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून. विनोदी, अद्भुत कादंबऱ्या लिहिणारे इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट मार्च २०१५ मध्ये गेले, ६६ व्या वर्षी. स्मृतिभ्रंशाचा आजार २००७ मध्येच कळला होता, तरीही ते लिहीत राहिले. अर्धवट लिखाण कोणी छापू नये म्हणून आपली हार्ड डिस्क रोडरोलरखाली चिरडा, असं सांगून ठेवलं होतं. २०१७ मध्ये खरंच वाफेवर चालणारा जुना रोडरोलर आणून ती चिरडली! बातमी वाचून मी आधी हसले, कारण हे त्यांच्याच पुस्तकात शोभलं असतं. मग रडले. त्यात काय काय असेल?

पण त्यांचंच बरोबर होतं असं आता मला वाटतं. मेलेल्या माणसाच्या टेबलाचे खण उपसून पुस्तकं काढायची, हे मला पटत नाही.

*

वरच्या ताईंशी अजिबात सहमत नाही. काफ्काने सगळं जाळून टाक म्हणून मित्राला बजावलं होतं. १९२४ मध्ये तो गेला, एकेचाळिसावं पूर्ण व्हायला महिना राहिला असताना. त्या मित्राने, मॅक्स ब्रॉडने, ऐकलं नाही आणि पुढच्याच वर्षी 'द ट्रायल' छापली. ऐकलं असतं तर? लेखकाच्या शेवटच्या इच्छेपुढे वाचकाचा स्वार्थ मोठा, हे मी निर्लज्जपणे लिहितोय. मला ती हार्ड डिस्क हवी होती.

*

धागाकर्त्याने जुलै २००३ म्हटलं आणि चरकलेच. त्याच महिन्यात प्रकाश नारायण संत अपघातात गेले. ६६ वर्षं म्हणजे काही अकाली नव्हे, असं कोणी म्हणेल. पण त्यांचं पहिलं पुस्तक 'वनवास' आलं १९९४ मध्ये. म्हणजे पुस्तकांच्या हिशेबाने लेखक नऊ वर्षांचाच होता, जवळजवळ त्यांच्या गोष्टींतल्या छोट्या लंपनएवढा!

आमच्या घरात 'मॅडसारखं' हा शब्द त्या पुस्तकांतून आला आणि राहिला. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' यांची पारायणं झालेली. 'झुंबर' त्यांच्या मागे आलं. लगेच विकत घेतलं आणि उघडलं नाही. एक दिवस, एक महिना, मग सवयच झाली. पाहुणे विचारायचे, हे नवं कोरं कसं? मी म्हणायचे, जपून वाचते. न वाचलेलं आहे तोवर लंपनचं काहीतरी पुढे व्हायचं बाकी आहे, असा साधा हिशेब होता माझा.

मुलगी चौथीत गेली तेव्हा तिला लंपन वाचून दाखवायला लागले. तिला कुठे थांबवणार? तीन पुस्तकं झाल्यावर तिने स्वतःच कपाटातून चौथं काढलं. रोज थोडं थोडं वाचलं. काही ठिकाणी माझा आवाज अडकायचा, मग पुढचं ती वाचायची. संपलं तेव्हा तिने विचारलं, "पाचवं?"

मी सांगितलं, लेखक गेले, आता नाही येणार. ती थोडा वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "मग तो मोठेपणी कोण झाला ते कसं कळणार?"

तिला अजून उत्तर दिलेलं नाही.