व्यसनी पेशंटला सहा आठवडे सलाईनला बांधून ठेवायचं का?

निशाचर: सुईने ड्रग्ज घेणाऱ्याला हार्टच्या व्हॉल्व्हचं इन्फेक्शन (एन्डोकार्डायटिस) झालं की ठरलेलं, चार ते सहा आठवडे ॲडमिट, शिरेतून अँटिबायोटिक. तलफेचं मात्र कुणी काहीच करत नाही, मग तो अर्ध्यातच उठून जातो आणि फाईलवर "सल्ल्याविरुद्ध गेला" लिहून सगळे मोकळे. माझं म्हणणं, अफूवर्गातलं व्यसन असेल तर पहिल्या दिवसापासून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन (तलफ आवरणारी औषधं) द्या आणि तब्येत स्थिर झाली की अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर न्या. २०१९ ला छापून आलेल्या डेन्मार्कच्या पोएट ट्रायलमधे ४०० पेशंट होते, शिरेतून औषध चालू ठेवलेल्यांपेक्षा गोळ्यांवाले मागे पडले नाहीत.

थेट_बोला: ट्रायल पूर्ण वाचलीत का? सगळे डाव्या बाजूच्या व्हॉल्व्हचे, आधी निदान दहा दिवस शिरेतून औषध घेतलेले, आणि सुईवाले बोटांवर मोजण्याइतके. सुईवाल्यांचा रोग बहुतेकदा उजवीकडच्या ट्रायकस्पिड व्हॉल्व्हला, जंतू स्टॅफ ऑरियस. घरी गोळ्या वेळेवर घेईल याची खात्री कोण देणार?

निशाचर: आणि पळून गेलेला काय घेतो, शून्य औषध! तुलना त्याच्याशी करा ना.

वॉर्डातला_एक: भांडा खुशाल, पण निदानच उशिरा होतं त्याचं काय? ताप, खोकला, छातीत दुखणं, एक्सरेत न्यूमोनियासारखे डाग, कारण व्हॉल्व्हवरच्या गाठीचे तुकडे फुफ्फुसात गेलेले असतात. मर्मर (हार्टचा जादा आवाज) ऐकू येईलच असं नाही. आणि घाईत अँटिबायोटिक टोचलं की कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची टेस्ट) निगेटिव्ह, मग बसा अंदाज बांधत. आधी वेगवेगळ्या जागेवरून ब्लड कल्चरचे तीन सेट, त्यानंतर डोस. साधा इको (हार्टची सोनोग्राफी) क्लिअर आला तरी संशय दाट असेल तर अन्ननलिकेतून करा, "व्यसनी आहे, ताप येणारच" ही वृत्ती सगळ्यात घातक.

थेट_बोला: हे मान्य. पण शिरेत लाईन (औषधाची नळी) ठेवून घरी पाठवायला माझा विरोधच, तीच लाईन ड्रग्जला वापरली तर?

निशाचर: म्हणून तर डालबाव्हान्सिन हे शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक, एका डोसचा असर आठवडाभर टिकतो, लाईन ठेवायची गरजच नाही.

थेट_बोला: त्याची मंजुरी त्वचेच्या इन्फेक्शनसाठी, व्हॉल्व्हसाठी नाही, हेही लिहा की. आणि ऑपरेशनने बदललेला व्हॉल्व्ह परत ड्रग्ज घेऊन सडला तर दुसरं ऑपरेशन करायचं का, यावर तुम्ही गप्प.

निशाचर: गप्प कशाला, करायचं. हार्ट अटॅकनंतर सिगारेट न सोडणाऱ्याला दुसरा स्टेंट नाकारतो का आपण? फक्त यावेळी व्यसनाचे डॉक्टर ऑपरेशनच्या आधी बोलवा.