मदत हवी आहे: टॅरोचे अर्थ पाठ झालेत, पण तीन पत्ते एकत्र वाचता येत नाहीत

उंबरठा
टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून प्रश्न वाचायची पद्धत, शिकायला घेतलं आहे. डेक (पत्त्यांचा जोड) रायडर-वेट, ७८ पत्ते. पुस्तिकेतले अर्थ बऱ्यापैकी पाठ आहेत, पण पत्ते मांडले की गाडी अडते. कालची मांडणी देते.

प्रश्न: नोकरी बदलू का?
भूत: एट ऑफ पेंटॅकल्स
वर्तमान: टू ऑफ स्वोर्ड्स
भविष्य: फाइव्ह ऑफ कप्स

पुस्तिकेप्रमाणे मेहनत, कोंडी, दुःख. मग बदलू की नको? खुलाशासाठी आणखी दोन पत्ते काढले, मग आणखी एक, आणि होतं नव्हतं तेही कळेनासं झालं. शिवाय तेच तेच पत्ते पुन्हा येतात, पुस्तकात जस्टिस आठवा आहे तर माझ्या डेकमध्ये अकरावा, आणि पेज, नाईट वगैरे आले की काही सुचत नाही. उलटे (डोकं खाली) आलेले पत्ते सध्या सुलटे करून वाचते. चालेल का?

जुनी वही
घोळ पत्ते काढायच्या आधीच झालाय. प्रश्न विचारलात होय-नाहीचा आणि घरं घेतलीत भूत-वर्तमान-भविष्याची. त्या तीन घरांत 'बदलू का'चं उत्तर बसायला जागाच नाही, म्हणून तुम्ही आणखी पत्ते ओढत गेलात. आधी प्रश्न उघडा करा: 'इथे मला काय धरून ठेवतंय, मी काय बघायचं टाळतेय, सोडताना काय गमवेन?' ही झाली तीन घरं. ती कागदावर लिहून मगच पत्ते पिसायचे. पत्ते बघून घरांची नावं बदलायची नाहीत, नाहीतर हवं ते उत्तर कुठूनही निघतं.

आता तुमचे तीन पत्ते, तुमच्याच घरांत. पुस्तिका मिटा आणि पत्ते शेजारी शेजारी ठेवून माणसांची तोंडं कुठे आहेत ते बघा. एट ऑफ पेंटॅकल्समधला कारागीर बाकावर बसून नाणं कोरतोय. त्याचं तोंड उजवीकडे, आणि गाव मागे लांब राहिलंय. फाइव्ह ऑफ कप्समधला काळ्या झग्यातला माणूस डावीकडे, म्हणजे आधीच्या पत्त्यांकडे, मान खाली घालून उभा. मधे टू ऑफ स्वोर्ड्सची बाई: डोळ्यांवर पट्टी, छातीशी दोन तलवारींची फुली, पाठीमागे समुद्र आणि चंद्रकोर. दोन्ही बाजूंची माणसं तिच्याकडे वळलेली, आणि बघत नाहीये ती एकटीच.

'कोंडी' या शब्दात हे येत नाही. तिला कुणी बांधलेलं नाही, तलवारी तिच्याच हातात आहेत. (बांधलेली बाई एट ऑफ स्वोर्ड्सवर. या दोघींची गल्लत फार जण करतात.) शेवटच्या पत्त्यावर तीन पेले सांडलेत, पण माणसाच्या पाठीशी दोन उभे आहेत, आणि नदीवर पूलही आहे. तर सलग वाचन असं: हातातलं कसब पक्कं झालं, त्याच्या पुढचं बघायचं मुद्दाम टाळलं जातंय, आणि असंच चाललं तर जे हुकलं त्याचीच मोजदाद होत राहील, उरलेलं पाठीमागेच राहील. बदला किंवा बदलू नका, हे यात कुठेच नाही. तो निर्णय तुमचा. पत्त्यांनी फार तर पट्टी कुठे बांधली आहे ते दाखवलं.

खुलाशाचा पत्ता काढायचाच तर एका मांडणीला एक, आणि तोही आधीचं वाचन लिहून झाल्यावर.

तिरकस
माझा भविष्यावर काडीचा विश्वास नाही, पण पत्ते पिसण्याबद्दल बोलतो. तेच पत्ते परत येतात याचं कारण बहुतेक वेळा हात. मांडणी संपली की आपण ते तीन पत्ते एकत्र उचलून गड्डीवर ठेवतो आणि चार-पाचदा वरवर पिसतो. एवढ्याने गठ्ठा फुटत नाही. ५२ पत्त्यांना कडा एकमेकांत सोडत पिसायच्या पद्धतीने साधारण सात वेळा लागतात असं गणित आहे, तुमच्याकडे ७८ आहेत. तसं पिसून मोठ्या पत्त्यांना बाक येतो, म्हणून सोपा उपाय: सगळे पत्ते टेबलावर पालथे पसरा, दोन्ही हातांनी मिनिटभर गोल कालवा, गोळा करा, मग पिसा, मग काटा. नवा डेक क्रमाने लावलेला येतो, त्याला हे दोन-तीनदा.

जाता जाता एक सापळा. 'वाँड्सचा एकही पत्ता नाही, म्हणजे उत्साह नाही' असं कुणी सांगेल. संच चार (वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स) आणि पत्ते तीन, एक तरी संच गैरहजर असणारच! तीनांत एकही मेजर अर्काना (संचांबाहेरचे २२ पत्ते, जस्टिससारखे) नसणं हेही तीनातून एकदा होतंच. दहा पत्त्यांत मेजर सरासरी तीनाच्या जरा खाली येतात. तिथे सहा-सात आले तर वाचणाऱ्याने खुशाल भुवया उंचवाव्यात.

कोरा कागद
तिरकसरावांना अनुमोदन, गणितापुरतं.

जस्टिसचं: तुमचं पुस्तक मार्सेय या जुन्या फ्रेंच डेकच्या परंपरेचं दिसतंय. तिथे जस्टिस आठवा आणि स्ट्रेंग्थ अकरावा. १९०९ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या, पामेला कोलमन स्मिथ यांनी चित्रं काढलेल्या वेट यांच्या डेकमध्ये (तोच तुमचा) या दोन पत्त्यांची अदलाबदल झाली, कारण स्ट्रेंग्थला सिंह रास आणि जस्टिसला तूळ जोडली होती आणि राशींचा क्रम जुळवायचा होता. पत्ता तोच, आकड्यावर अडू नका. खरी अडचण दुसरीच आहे. मार्सेय डेकमध्ये पाच कप म्हणजे नुसते पाच पेले, माणसं नाहीत, त्यामुळे त्या पुस्तकाची वाचायची रीत तुमच्या चित्रांना लागू पडणार नाही. पुस्तक बदला.

पाठांतराबद्दल: ७८ अर्थ सुटे पाठ करणं म्हणजे शब्दकोश पाठ करून भाषा शिकणं. मायनरचे, म्हणजे मेजर सोडून उरलेले, ५६ पत्ते आकड्याने लावा. चारही पंजे (पाच आकड्याचे पत्ते) समोर ठेवा. वाँड्समध्ये पाच पोरं काठ्या घेऊन एकमेकांत भिडलीत. कप्समध्ये सांडलेल्या पेल्यांचा शोक. स्वोर्ड्समध्ये एकजण तलवारी गोळा करून हसतोय, दोघं पाठ फिरवून चाललेत. पेंटॅकल्समध्ये बर्फातून दोन फाटके जीव, वर उजळलेली खिडकी. चौघांत समान काय? चौथ्या आकड्यावर बसलेली घडी इथे विस्कटते. फरक संचाचा: वाँड्स म्हणजे अग्नी, जोर आणि धडपड, कप्स पाणी, भावना, स्वोर्ड्स वारा, विचार आणि वाद, पेंटॅकल्स माती, पैसा आणि शरीर. आकडा आणि संच जोडता आला की पुस्तिका निम्मी सुटते. दोन्ही परंपरागत संकेत आहेत, तपासून सिद्ध झालेलं काही नाही, पण संकेत एकच धरला तरच वाचन सुसंगत राहतं.

कोर्टचे (राजदरबारातले) १६ पत्ते: 'हा उंच, सावळा पुरुष कोण?' हा खेळ सोडा. पत्ता म्हणजे वागण्याची तऱ्हा समजा. पेज शिकतोय, नाईट निघालाय, क्वीनला ते आतून उमगलंय, किंग ते बाहेर चालवतोय. नाईटसाठी घोडे बघा: वाँड्सचा दोन पायांवर उधळलेला, कप्सचा संथ चालणारा, स्वोर्ड्सचा चौखूर सुटलेला, पेंटॅकल्सचा जागच्या जागी उभा. नोकरीच्या प्रश्नात पेंटॅकल्सचा नाईट आला तर 'घाई नाही, पण हालचालही नाही' एवढं घोड्यावरूनच निघतं.

उंबरठा
पंजे लावून पाहिले, फरक लगेच दिसला. मग रोज किती करू? आणि उलट्यांचं राहिलंच.

जुनी वही
रोज एक पत्ता. पुस्तिका उघडण्याआधी तीन ओळी: कोण आहे, काय चाललंय, नजर आधी कुठे गेली. मग पुस्तिका बघून चौथी. रात्री एक ओळ, पत्ता दिवसाशी जुळला की नाही, आणि नाही जुळला तर 'नाही' असंच लिहायचं, ओढूनताणून जुळवायचं नाही. साधारण अडीच महिन्यांत डेक संपतो. तोवर दहा पत्त्यांच्या सेल्टिक क्रॉसला हात लावू नका. तिथे घरंच इतकी आहेत की पत्ते बघायचे राहून जातात. आजारपण, गरोदरपण, कोर्टकचेरी हे प्रश्न पत्त्यांना विचारायचेच नाहीत, दुसऱ्यासाठी तर मुळीच नाही.

सुलटे करून वाचताय ते चालेल, फक्त आख्खी मांडणी तशीच वाचा, सोयीने मधूनच एखादा उलटा धरू नका. पुढे उलटे घ्यायचे ठरवलंत तर प्रत्येक वेळी काटताना अर्धी गड्डी गोल फिरवून मिसळा, नाहीतर ते पुरेसे येतच नाहीत. आणि आधी पत्त्यांची पाठ तपासा. नक्षी वरून-खालून सारखी नसेल तर उलटा कोणता ते पालथा असतानाच दिसतं, आणि हात नकळत त्याला चुकवतो.